सूर खरा, मग गिटार खोटी का वाटते?

एखादं गाणं ऐकताना मागे अकूस्टिक गिटार सुरेख वाजत असते. मग कळतं की त्या गाण्यात गिटार कुणी वाजवलेलीच नाही, कुणीतरी छोट्या कीबोर्डवर आणि माऊसने ती चक्क लिहून काढली आहे. ऐकणाऱ्याला हे कोडं वाटतं. ज्यांनी घरी तेच सॉफ्टवेअर घेतलेलं असतं त्यांना मात्र उलटं कोडं पडतं: प्लगइन तेच, आवाज तोच, मग माझी गिटार खेळण्यातल्या गिटारसारखी का वाजते?

या दुसऱ्या कोड्यात मी बराच काळ अडकले होते. आवाजातच खोट असणार असं धरून मी एकामागून एक लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या सुरांचे तयार संच) बदलून पाहिल्या. फरक पडला नाही, कारण आवाजात खोट नव्हतीच. सॉफ्टवेअरमधला सूर बहुतेक वेळा खऱ्याखुऱ्या गिटारचाच असतो. तो छेडणारा हात तेवढा त्यात नसतो, तो आपण द्यायचा असतो.

## प्लगइनच्या आत काय असतं?

ज्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं रचलं आणि रेकॉर्ड केलं जातं (रीपर, क्यूबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ वगैरे) त्याला संगीतकार मंडळी 'डॉ' (DAW, म्हणजे डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात. त्याला जोडायचं आभासी वाद्य म्हणजे प्लगइन. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही पद्धत आणली आणि अशी प्लगइन घरच्या संगणकावर चालवणं सोपं होत गेलं.

आभासी गिटार दोन तऱ्हेने बनते. पहिली तऱ्हा सॅम्पलची. वादकाला स्टुडिओत बसवून प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात, तार दाबून, तार मोकळी सोडून असा वेगवेगळा रेकॉर्ड करतात. त्यातला एकेक तुकडा म्हणजे एक सॅम्पल. आपण पट्टी दाबली की त्या साठ्यातला योग्य तुकडा वाजतो. दुसरी तऱ्हा गणिताची. केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली: क्षणभराचा नुसता खरखराट घ्यायचा, तो एका छोट्या चक्रात फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत थोडा गुळगुळीत करायचा. ऐकायला येते छेडलेली तार! चक्र जेवढं लहान तेवढा सूर उंच. खऱ्या तारेतही साधारण हेच घडतं, लहर टोकापर्यंत जाते, परत येते आणि दर फेरीत थोडी विझते. आज विकत किंवा फुकट मिळणाऱ्या गिटारांपैकी बहुतेक सॅम्पलवरच्या असतात, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्यांना धरून.

आता मिडी. हा शब्द एकदा नीट समजून घेतला की बाकीचं सोपं जातं. मिडी म्हणजे आवाज नाही, निरोप आहे: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. जोराला 'व्हेलॉसिटी' म्हणतात आणि तो १ ते १२७ या आकड्यांत मोजतात. ही भाषा १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडता यावेत म्हणून आली. तिची सगळी घडण पट्ट्यांच्या वाद्याची आहे. पट्टी एकतर दाबलेली असते किंवा सोडलेली. तळहाताची कड तारेवर टेकवून दाबलेला सूर, एकाच छेडीत घसरत वर नेलेला सूर, बोट आपटून काढलेला सूर, यांपैकी कशालाच मिडीत स्वतःचा असा शब्द नाही.

त्यावर तोडगा म्हणजे की-स्विच. गिटारचा सर्वांत खालचा सूर म्हणजे जाड तारेचा मोकळा ई. मिडीत त्याचा क्रमांक ४०. त्याखालच्या पट्ट्या साध्या जुळणीच्या गिटारला लागतच नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर त्यांच्यावर दुसरं काम सोपवतं. एक दाबली की पुढचे सूर तळहाताने दाबल्यासारखे, दुसरी दाबली की घसरते (स्लाइड), तिसरीने पुन्हा साधे. बरेच नवशिके या पट्ट्यांकडे फिरकतच नाहीत आणि सगळं गाणं एकाच तऱ्हेच्या छेडीत उरकतात. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कंटाळा येतो.

## पियानोच्या बोटांनी गिटार वाजत नाही

सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि ती आवाज निवडण्याच्याही आधी होते.

जी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) घ्या. कीबोर्डवर आपण सहज जी-बी-डी अशा एकाआड एक तीन पांढऱ्या पट्ट्या दाबतो. गिटारवर हीच कॉर्ड मोकळ्या तारांसह धरली तर जाड तारेपासून खाली असे सूर येतात: जी, बी, डी, जी, बी, जी. मिडी क्रमांकात ४३, ४७, ५०, ५५, ५९, ६७. सूर सहा, पसारा दोन सप्तकांचा, आणि शेवटच्या दोन तारांमध्ये चांगलं मोठं अंतर. त्यातल्या तीन तारा मोकळ्या, म्हणून त्यांची झणझण वेगळी. गिटार ऐकताना कानाला ओळख पटते ती या मांडणीची. तीन सूर एकमेकांना खेटून ठेवले तर सॅम्पल कितीही महागाचं असो, गिटारचे कपडे घातलेला पियानोच ऐकू येतो.

म्हणून मिडी लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. एकाच वेळी सहापेक्षा जास्त सूर झाले का? एका तारेवर एकाच क्षणी दोन सूर आले का? ही पकड एका हाताच्या चार बोटांत बसते का? गिटारवादक साधारण चार-पाच फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) टप्प्यात बोटं ठेवतो. दुसऱ्या फ्रेटवर एक बोट आणि अकराव्यावर दुसरं, हे माणसाला जमत नाही. संगणकाला जमतं, आणि तिथेच पितळ उघडं पडतं.

सूर कुठल्या तारेवर वाजतो यालाही महत्त्व आहे. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की जो ई मिळतो, तोच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. उंची तंतोतंत तीच, पण मोकळ्या बारीक तारेवर तो लखलखीत आणि जाड तारेवर भरदार, जरा मंद. चांगल्या प्लगइनमध्ये तार सक्तीने निवडता येते. आपण निवडली नाही तर सॉफ्टवेअर निवडतं, आणि सुरांच्या एकाच ओळीत कधी या तारेवर तर कधी त्या तारेवर उड्या मारतं. गायकाने ओळीच्या मधेच आवाज बदलावा तसं ते लागतं.

## एक स्ट्रोक किती वेळ चालतो?

पियानोवर कॉर्डचे सगळे सूर एकदम वाजतात. गिटारवर पिक (तारा छेडायची छोटी चकती) एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जात असतो, त्यामुळे सूर एकापाठोपाठ येतात. अंतर इतकं बारीक की कानाला ते वेगळे ऐकू येत नाहीत, फक्त 'झर्र' असा एक पोत जाणवतो.

वरचीच जी कॉर्ड जवळून पाहू. जरा जोरकस डाउनस्ट्रोक (हात खाली नेत तारांवर मारलेला फटका) असेल तर मी साधारण असं मांडते: सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार शून्यावर, पाचवी ४ मिलिसेकंदांनी, चौथी ८, तिसरी ११, दुसरी १४ आणि पहिली १७ मिलिसेकंदांनी. हात तारांवरून जाताना वेग घेतो, म्हणून अंतरं थोडी कमी होत जातात. हळुवार गाण्यात हाच स्ट्रोक ४० मिलिसेकंदांपर्यंत पसरवला तरी चालतो. अपस्ट्रोकमध्ये क्रम उलटा, बारीक तारेकडून जाडीकडे. आणि वर येताना हात सहसा तीन-चार तारांनाच स्पर्श करतो, तोही हलका. डाउनस्ट्रोकची व्हेलॉसिटी १०० च्या आसपास असेल तर अपस्ट्रोक ७० वर आणि तारा तीन, एवढ्या बदलानेच ट्रॅकमध्ये जीव आलेला मी ऐकला आहे.

एक बारकावा. पहिला सूर बरोबर ठोक्यावर ठेवला तर सगळी कॉर्ड किंचित मागे पडल्यासारखी वाटते, कारण तिचा भर मधल्या आणि बारीक तारा वाजल्यावर जाणवतो. म्हणून स्ट्रोक काही मिलिसेकंद आधी सुरू करायचा, म्हणजे ठोका त्याच्या मधोमध पडतो. वादक हे नकळत करतो.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे हाताची ये-जा. स्ट्रमिंग (सगळ्या तारा एका फटक्यात छेडणं) करणारा उजवा हात लोलकासारखा चालतो. प्रत्येक मात्रेला खाली, दोन मात्रांच्या मधे वर. तारांना स्पर्श करायचा नसला तरी हात थांबत नाही, हवेतून जातो. सर्वत्र वाजणारा एक ठेका घ्या: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. तिसऱ्या मात्रेला हात खाली गेला, पण तारांना लागला नाही, म्हणून त्यानंतरचा स्ट्रोक वरचा. आता एखादं प्लगइन नुसतं 'एक खाली, एक वर' असं मोजत असेल तर ते दुसऱ्या मात्रेलाच वरचा स्ट्रोक देऊन बसतं आणि पुढची सगळी दिशा बिघडते. नियम साधा आहे. मात्रेवर खाली, मात्रांच्या मधे वर. प्लगइनच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर हाताने दिशा द्या.

आणि कॉर्ड बदलताना? पुढच्या पकडीसाठी डावा हात किंचित आधी उठतो. त्या क्षणी उजवा हात थांबलेला नसतो, म्हणून बदलाच्या अगदी आधीचा अपस्ट्रोक बहुधा मोकळ्या तारांवर पडतो. कागदावर हे चुकीचे सूर. कानाला मात्र नेमकं तेच खरं वाटतं. मी पहिल्यांदा असे तीन मोकळे सूर मुद्दाम टाकले तेव्हा तोच ट्रॅक एकदम माणसाने वाजवल्यासारखा झाला. तो क्षण मला अजून आठवतो.

## दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर

एकाच माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तर शिक्का मारलाय अशी शंका येते. सुरांचंही तेच. एकच सॅम्पल लागोपाठ आठ वेळा वाजलं की मशिनगनसारखा तडतडाट ऐकू येतो. म्हणून चांगल्या लायब्ररीत एकाच सुराची अनेक रेकॉर्डिंग असतात आणि सॉफ्टवेअर ती आळीपाळीने वाजवतं. याला 'राउंड रॉबिन' म्हणतात. लायब्ररी निवडताना आवाजाच्या गोडव्याइतकंच याकडे पाहावं.

उरलेलं काम व्हेलॉसिटीचं. सगळे सूर १०० वर ठेवले तर सॉफ्टवेअर एकाच थरातली, म्हणजे एकाच जोराने छेडलेली रेकॉर्डिंग वापरत राहतं. इथे बरेच जण 'ह्युमनाइझ'चं बटण दाबतात, म्हणजे सॉफ्टवेअर वेळ आणि जोर यादृच्छिक हलवतं. मला हे फारसं पटत नाही. माणसाचं वाजवणं थरथरतं खरं, पण वाटेल तसं नाही. समेवर जोर, मधे हलकं, ध्रुवपदाकडे जाताना हात किंचित पुढे ओढलेला, शांत कडव्यात मागे रेललेला, असा त्यात हेतू असतो. आधी हा हेतू हाताने लिहावा, मग हवं तर दोन-तीन मिलिसेकंदांची थरथर मिसळावी.

## डावा हात: मींड, घसर आणि कंप

हार्मोनियमवर मींड निघत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, कारण दोन पट्ट्यांच्या मधे जागाच नाही. आभासी गिटारवर एकल वाजवताना नेमकी हीच अडचण येते. वादक तार ओढून सूर चढवतो (बेंड), बोट घसरवतो (स्लाइड), न छेडता बोट आपटून पुढचा सूर काढतो (हॅमर-ऑन), किंवा बोट ओढून खालचा सूर सोडतो (पुल-ऑफ). प्रत्येक सूर नव्याने छेडला तर ओळ 'टक-टक-टक' अशी तुटक होते. बऱ्याच प्लगइनमध्ये दोन सूर एकमेकांवर थोडे चढवले की हॅमर-ऑन आपोआप येतो. ही एक सवय लागली की अर्धं काम झालं.

बेंडसाठी कीबोर्डवरचं पिच व्हील (सूर वर-खाली वाकवणारं चाक) वापरतात. सुरुवात सावकाश, मग वर, आणि पोहोचल्यावर क्षणभर स्थिर. माऊसने सरळ रेघ ओढली तर सायरन वाजतो. आणखी एक अडचण: साध्या मिडीत पिच व्हील त्या चॅनलवरचे (निरोपाच्या एका वाहिनीवरचे) सगळेच सूर एकदम वाकवतं. गिटारवर मात्र एक तार ओढली तरी शेजारची जागेवर राहते. उपाय म्हणजे प्रत्येक तारेला वेगळा चॅनल, किंवा २०१८ मध्ये मान्य झालेली एमपीई पद्धत, जिच्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र वळण देता येतं. आपलं प्लगइन यातलं काय मानतं ते आधी तपासावं.

कंपाबद्दल एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. गायकाचा किंवा व्हायोलिनचा कंप सुराच्या वर-खाली दोन्हीकडे जातो. गिटारवर बहुतेक वेळा तार आडवी ओढून कंप देतात, आणि ओढलेली तार घट्ट होते, सैल होत नाही. त्यामुळे सूर मूळ उंचीपासून वर जातो आणि परत मूळ जागी येतो. मॉड्युलेशन व्हीलचा (कीबोर्डवरच्या कंप देणाऱ्या चाकाचा) ठरावीक कंप सहसा दोन्हीकडे डोलतो, म्हणून तो गिटारचा वाटत नाही. पिच व्हील मधल्या जागेपासून फक्त वरच्या बाजूला हलवून पाहा.

## खरखरीची गरज

जाड तारांवरून बोटं सरकताना 'चीं' असा आवाज येतो, पिक तारेला घासतो, कॉर्ड सोडताना तार फ्रेटवर हलकेच खडखडते. प्लगइनमध्ये यासाठी वेगळी बटणं असतात. ती पूर्ण बंद ठेवू नका, आणि पूर्ण उघडूही नका. हात खरोखर लांब सरकतो तिथेच चीत्कार यावा. दर बदलाला आला की बनाव उघडा पडतो.

## इलेक्ट्रिक गिटारचा अर्धा आवाज बाहेर असतो

इलेक्ट्रिक गिटार थेट संगणकाला जोडली तर आवाज कोरडा आणि पातळ येतो. आपण ओळखतो तो आवाज अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या स्पीकरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, मिळून घडवतात. म्हणून प्लगइनमधून कच्चा आवाज घ्यावा आणि पुढे अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर लावावं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे त्यातलं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे.

कॅबिनेट विसरलात तर डोक्यात मधमाश्या घुसल्यासारखी किरकिर ऐकू येईल. गिटारचे स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने गिळतात, आणि डिस्टॉर्शनमुळे (आवाज मुद्दाम फाडल्यामुळे) निर्माण होणारी किरकिर तिथेच असते. कॅबिनेटचा ठसा 'इम्पल्स रिस्पॉन्स' नावाच्या छोट्या फाइलमध्ये मिळतो. ती बदलली की अ‍ॅम्पची बटणं फिरवण्यापेक्षा जास्त फरक पडतो, असं माझं मत आहे.

जबर डिस्टॉर्शनखाली पूर्ण मेजर-मायनर कॉर्ड गढूळ होते, कारण सुरांची आपसात घुसळण होऊन नको ते जास्तीचे सूर तयार होतात. म्हणूनच रॉकमध्ये फक्त मूळ सूर आणि त्याचा पंचम अशी पॉवर कॉर्ड वाजवतात.

## डावीकडे एक, उजवीकडे एक

भरदार गिटारचं जुनं गुपित म्हणजे तोच भाग वादकाने दोनदा वाजवणं, आणि एक डाव्या, एक उजव्या बाजूला ठेवणं. दोन वेळच्या बारीक फरकांमुळे आवाज रुंद होतो. तोच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर मात्र तो रुंद होत नाही, मधोमधच राहतो आणि फक्त मोठा होतो. फरकच नाही तर रुंदी कुठून येणार?

मिडीत यासाठी दुसरा भाग पुन्हा हाताने वाजवावा, किंवा दुसरी गिटार निवडावी. एकच लायब्ररी असेल तर एक युक्ती आहे: दुसऱ्या ट्रॅकचे सगळे सूर एक स्वर वर सरकवा आणि पिच बेंडने तेवढेच खाली आणा. ऐकायला उंची तीच, पण आत वेगळी सॅम्पल वाजतात.

## 'तयार पॅटर्न असताना एवढा खटाटोप कशाला?'

तयार पॅटर्न (प्लगइनसोबत आयते मिळणारे वाजवण्याचे साचे) वाईट नसतात. त्यातले बरेच खऱ्या वादकांच्या वाजवण्यावर बेतलेले असतात, आणि घाईत ते कामाला येतात. अडचण एवढीच की पॅटर्नला आपलं गाणं माहीत नसतं. गायिका ओळ सोडून श्वास घेते तिथे गिटारने हात मोकळा करावा, हे त्याला कळत नाही. मी पॅटर्न घेते, तो मिडीत उतरवते आणि मग गाण्याप्रमाणे कापते.

## 'मग गिटार यायलाच हवी का?'

सफाईने वाजवता यायला हवी असं नाही. पण हातात धरून चार कॉर्ड काढलेल्या असल्या तर खूप फायदा होतो. तेही शक्य नसेल तर वादकांचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. उजवा हात कुठे तारांना चुकवतो आणि डावा कधी उठतो, हे डोळ्यांनाच जास्त नीट कळतं.

## 'ही फसवणूक नाही का?'

सॅम्पलमधला सूर कुणा वादकाच्याच बोटांतून आलेला असतो, आणि त्याच्या परवान्यातच तो वापरण्याची मुभा असते. श्रेयनामावलीत 'गिटार' म्हणून न वाजवणाऱ्या माणसाचं नाव घातलं तर मात्र ते खोटं आहे. 'गिटार प्रोग्रामिंग' असं स्पष्ट लिहावं. मी तसंच लिहिते.

आणि काही जागा अशा आहेत जिथे मी अजूनही वादकाला बोलावते: लांब, भावुक सोलो, काचेची नळी घालून वाजवलेली स्लाइड, अ‍ॅम्पसमोर उभं राहून ओढलेला फीडबॅक (स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा हलून लांबत जाणारा सूर). या जागी आवाज आणि हात एकमेकांना ऐकत पुढे जातात, आणि आधीच लिहून ठेवलेल्या मिडीला ऐकू येत नाही. साथीची स्ट्रमिंग, तुटक रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट), मागचे अलगद छेडलेले सूर हे मात्र आज नक्की जमतं.

सुरुवात करायची तर आठ मात्रांचा एकच तुकडा घ्या, दोन कॉर्ड, लय सावकाश. तो फिरवत ठेवा आणि समोर गिटार असल्यासारखा हवेत हात चालवा, खाली-वर, खाली-वर. जिथे हात अडखळतो तिथे थांबून मिडी उघडा. बहुतेक वेळा तिथे उलटा स्ट्रोक सापडतो, नाहीतर एखादी सातवी तार.